संगणकाचा कॅमेरा मध्येच का बंद पडतो?



आपल्या शाळेच्या संगणकाला एक छोटा कॅमेरा आहे. आपल्या पेठ तालुक्यातली पुष्कळ माणसं भात काढून झाला की दिंडोरी-निफाडकडे द्राक्षबागेत कामाला जातात. त्यांची मुलं शनिवारी या कॅमेऱ्यासमोर बसून आईबापाशी बोलतात. पण मध्यंतरी काय व्हायचं, बोलता बोलता चित्र काळं पडायचं. माईक वेगळा असल्यामुळे आवाज जायचा, पण तोंड दिसायचं नाही. एक मावशी तर तिकडून रडायलाच लागली, "पोरगी आजारी हाये म्हणून लपवता का?"

सगळे म्हणाले, कॅमेरा जळाला, आता वर्गणी काढा. पण बाईंनी तोच कॅमेरा दुसऱ्या संगणकाला लावला तर तो अर्धा तास छान चालला. म्हणजे कॅमेरा बरा होता, त्याला पोटभर वीज मिळत नव्हती.

या कॅमेऱ्याला वेगळा प्लग नसतो. ज्या वायरीतून चित्र जातं तिच्यातूनच त्याला वीज येते. वायरीच्या आत बारीक तारा असतात. दोन विजेच्या आणि दोन चित्राच्या. या जोडणीला यूएसबी म्हणतात. भिंतीवरच्या बोर्डात २३० व्होल्ट असतात, यूएसबीत फक्त ५. जुन्या यूएसबी २ च्या तोंडातून जास्तीत जास्त ५०० मिलिअँपिअर वीज मिळते. गुणाकार केला तर अडीच वॅट झाले. आपल्या घरातला दिवा ९ वॅटचा असतो, म्हणजे बघा किती थोडी! यूएसबी ३ मधून ९०० मिलिअँपिअर मिळतात. त्याच्या तोंडात बहुतेक निळी पट्टी असते.

आता आमच्या वर्गात काय होतं? टेबल खिडकीपाशी आणि संगणक कोपऱ्यात. म्हणून कॅमेऱ्याच्या वायरीला आणखी एक लांब, बारीक वायर जोडली होती. द्राक्षबागेत ज्यांनी ठिबक पाहिलं त्यांना हे लगेच कळेल. नळी लई लांब नेली की शेवटच्या वेलापाशी थेंब मंद पडतात. तसंच लांब बारीक तारेत विजेचा दाब वाटेतच कमी होतो. साधी यूएसबी २ ची वायर ५ मीटरपेक्षा लांब नेऊ नये असा नियमच आहे.

शिवाय एका तोंडाची चार तोंडं करणारी डबी होती. तिला हब म्हणतात. तिला स्वतःचा प्लग नसेल तर ती कुठून वीज आणणार? त्याच ५०० मध्ये कॅमेरा, पेनड्राईव्ह, माऊस सगळ्यांची वाटणी. एका भाकरीचे चार तुकडे!

विजेची उपासमार ओळखायची खूण अशी. संगणक कॅमेऱ्याचं नाव दाखवतो, पण चित्र सुरू केलं की बंद पडतो, कारण चित्र काढताना जास्त वीज लागते. वायर काढल्या-घातल्यासारखा टुंग टुंग आवाजही येतो.

बाईंनी एका वेळी एकच गोष्ट बदलायला लावली, म्हणजे नेमकं कारण कळतं. आधी हब काढला. थोडा फरक पडला. मग कॅमेरा संगणकाच्या मागच्या तोंडात लावला, कारण पुढच्या तोंडापर्यंत डब्याच्या आत आणखी एक वायर गेलेली असते. शेवटी लांब वायर काढून टेबलच कोपऱ्यात सरकवलं. तेव्हा चित्र टिकलं. एवढ्यानेही भागलं नाही तर स्वतःचा प्लग असलेला हब आणतात. वीज वाचवायला संगणक आपणहून यूएसबी बंद करतो, ती खूण डिव्हाइस मॅनेजरमध्ये जाऊन काढता येते. ते मोठ्यांनी करावं. आणि बोर्डाला कोणी हात लावू नये बरं का!

आपल्या जिल्ह्यातल्या त्र्यंबकेश्वरला जन्मलेले दादासाहेब फाळके यांनी १९१३ साली 'राजा हरिश्चंद्र' दाखवला. त्यांचा कॅमेरा हाताने दांडा फिरवून चालायचा, त्याला विजेची कटकटच नव्हती. मला तर तोच बरा वाटतो, पण त्यात आईशी बोलता येत नव्हतं.

आता टेबल कोपऱ्यात असल्यामुळे तोंडावर उजेड कमी पडतो. म्हणून शनिवारी खिडकीची दोन्ही दारं उघडी ठेवतो. ती मावशी परवा म्हणाली, पोरीचा नवा दात दिसला.