बास्केटबॉल प्रशिक्षक कसा घडतो? : मैदानापासून महाविद्यालयापर्यंतची वाट



मागच्या उन्हाळ्यात आमच्या शाळेतून चौथी पास होऊन गेलेली एक मुलगी भेटायला आली. आता तिची बारावी झाली आहे. मधली काही वर्षं ती मावशीकडे अमरावतीला शिकली आणि तिथेच बास्केटबॉल खेळायला लागली. प्रमाणपत्रांची फाईल माझ्या टेबलावर ठेवून तिने सरळ विचारलं, "सर, मी काही भारताच्या टीममध्ये जाणार नाही, ते मला माहीत आहे. पण मला कॉलेजच्या पोरींना हा खेळ शिकवायचा आहे. घरचे म्हणतात डी.एड. कर, नाहीतर पोलीस भरतीची तयारी कर. कोच होऊन पोट भरतं का?"

त्या दिवशी मला तिला नीट उत्तर देता आलं नाही. 'बघू, माहिती काढतो' म्हणून वेळ मारून नेली. आजचा पाठ म्हणजे तिला द्यायचं राहिलेलं उत्तर आहे. इंझोरीसारख्या गावातून कुणी या वाटेला लागणार असेल, तर वाट कुठून सुरू होते, कुठे चढ आहे आणि कुठे खड्डा आहे, हे आधीच माहीत असलेलं बरं.

१) हा खेळ शोधला एका शिक्षकाने

डिसेंबर १८९१. अमेरिकेतल्या स्प्रिंगफिल्ड गावात वायएमसीएची एक प्रशिक्षण शाळा होती. तिथे डॉ. जेम्स नेस्मिथ शारीरिक शिक्षणाचे शिक्षक होते. बाहेर कडाक्याची थंडी, आत कवायतीला कंटाळलेली अठरा तरुण मुलं. वरिष्ठांनी सांगितलं, चौदा दिवसांत घरात खेळता येईल असा खेळ शोधा. नेस्मिथ यांनी सज्जाला पीच फळांच्या दोन टोपल्या ठोकल्या, फुटबॉलचा चेंडू घेतला आणि तेरा नियम लिहून भिंतीला लावले. सज्जाची उंची दहा फूट होती, म्हणून आजही बास्केटची रिंग दहा फुटांवर असते.

पुढे १८९८ मध्ये नेस्मिथ कॅन्सस विद्यापीठात गेले आणि तिथल्या संघाचे पहिले प्रशिक्षक झाले. आता गंमत बघा. ज्याने खेळ शोधला, त्याच्या संघाने ५५ सामने जिंकले आणि ६० हरले! कॅन्ससच्या इतिहासात विजयांपेक्षा पराभव जास्त असलेला हा एकच प्रशिक्षक. त्यांचाच विद्यार्थी फॉग ॲलन मात्र पुढे त्याच विद्यापीठात ३९ हंगाम प्रशिक्षक राहिला आणि १९५२ मध्ये त्याने राष्ट्रीय विजेतेपद मिळवलं.

यातून पहिला धडा मिळतो. खेळ माहीत असणं वेगळं आणि खेळ शिकवणं वेगळं. उत्तम खेळाडू आपोआप उत्तम प्रशिक्षक होत नाही, आणि मधल्या फळीतला खेळाडूही उत्तम प्रशिक्षक होऊ शकतो.

इथे आपल्या वऱ्हाडचीही एक गोष्ट सांगायलाच हवी. १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकमध्ये बास्केटबॉल पहिल्यांदा पदकाचा खेळ झाला. अंतिम सामना उघड्या मैदानावर, भर पावसात झाला आणि अमेरिकेने कॅनडाला १९-८ असं हरवलं. ते बघायला म्हातारे नेस्मिथ हजर होते. आणि त्याच वर्षी, त्याच बर्लिनमध्ये, अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकाने हुतूतूसारख्या भारतीय खेळांची प्रात्यक्षिकं दाखवली होती! १९१४ मध्ये वैद्य बंधूंनी सुरू केलेलं हे मंडळ आजही शारीरिक शिक्षणाचं मोठं केंद्र आहे. म्हणजे खेळ शिकवणारी माणसं घडवण्याची परंपरा आपल्या शेजारीच आहे.

२) एक कारकीर्द : जॉन वुडन

महाविद्यालयीन बास्केटबॉल प्रशिक्षक म्हटलं की जगभर एक नाव आधी घेतलं जातं, ते म्हणजे जॉन वुडन. त्यांचा प्रवास टप्प्याटप्प्याने पाहू.

• १९१० – इंडियाना राज्यात शेतकरी कुटुंबात जन्म. पुढे पर्ड्यू विद्यापीठाकडून नामवंत खेळाडू.

• १९३२ – केंटकीतल्या एका शाळेत शिक्षक आणि प्रशिक्षक. पहिल्याच वर्षी संघाने जिंकले त्यापेक्षा जास्त सामने हरले.

• १९३४ ते १९४३ – साउथ बेंडच्या शाळेत इंग्रजीचे शिक्षक. शाळा सुटल्यावर बास्केटबॉल.

• १९४३ ते १९४६ – दुसऱ्या महायुद्धात नौदलात.

• १९४६ ते १९४८ – इंडियाना स्टेट टीचर्स कॉलेजात प्रशिक्षक. तिथेच शिक्षणशास्त्राची पदव्युत्तर पदवी पूर्ण केली.

• १९४८ ते १९७५ – लॉस एंजेलिसच्या यूसीएलए विद्यापीठात प्रशिक्षक.

यूसीएलएमध्ये त्यांनी बारा वर्षांत दहा राष्ट्रीय विजेतेपदं मिळवली. पण त्यातलं पहिलं आलं १९६४ मध्ये, म्हणजे तिथे रुजू झाल्यानंतर सोळाव्या हंगामात. त्याआधीची शाळेतली वर्षं धरली तर तीस वर्षांहून जास्त काळ! आपल्याला शेवटची दहा विजेतेपदं दिसतात, मागची तीस वर्षं दिसत नाहीत.

अजून एक प्रसंग. १९४७ मध्ये त्यांच्या संघाला एका राष्ट्रीय स्पर्धेचं निमंत्रण आलं. पण त्या स्पर्धेत कृष्णवर्णीय खेळाडूंना बंदी होती आणि वुडन यांच्या संघात क्लॅरन्स वॉकर हा कृष्णवर्णीय मुलगा होता. वॉकर काही संघाचा मुख्य खेळाडू नव्हता. तरी वुडन यांनी निमंत्रण नाकारलं. पुढच्या वर्षी आयोजकांनी बंदी उठवली, तेव्हा वॉकरसह सगळा संघ खेळायला गेला. बाकावर बसणारा मुलगाही आपलाच विद्यार्थी, हे ज्याला कळतं तो खरा प्रशिक्षक.

३) आपल्याकडची शिडी

आता आपल्या मातीत येऊ. आपल्याकडे ही वाट साधारण चार पायऱ्यांची आहे.

पहिली पायरी, स्वतः खेळणं. शालेय क्रीडा स्पर्धा १४, १७ आणि १९ वर्षांखालील गटांत होतात. तालुका, जिल्हा, विभाग, राज्य असा क्रम असतो. आपला वाशिम जिल्हा अमरावती विभागात येतो. कॉलेजात गेल्यावर आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा असतात. त्यातून संत गाडगे बाबा अमरावती विद्यापीठाचा संघ निवडला जातो. विद्यापीठाकडून खेळलेल्या खेळाडूला आपण 'कलर होल्डर' म्हणतो. पुढे पश्चिम विभाग आणि अखिल भारतीय आंतरविद्यापीठ स्पर्धा. प्रत्येक प्रमाणपत्र जपून ठेवा. दहावी-बारावीचे क्रीडा गुण असोत की सरकारी नोकरीतलं पाच टक्के खेळाडू आरक्षण, कागद लागतोच.

दुसरी पायरी, शिक्षण. कोणत्याही शाखेची पदवी घेऊन दोन वर्षांचा बी.पी.एड. करता येतो. त्याच्या सीईटीत लेखी परीक्षेबरोबर मैदानी चाचणीही असते. त्यानंतर दोन वर्षांचा एम.पी.एड. ज्यांना बारावीनंतर थेट याच क्षेत्रात जायचं आहे, त्यांच्यासाठी शारीरिक शिक्षणाचे पदवी अभ्यासक्रमही आहेत.

तिसरी पायरी, खेळाचं खास प्रशिक्षण. बी.पी.एड.मध्ये सगळ्या खेळांची ओळख होते, पण एका खेळात खोल जायचं तर पतियाळाची नेताजी सुभाष राष्ट्रीय क्रीडा संस्था, म्हणजेच 'एनआयएस'. १९६१ मध्ये पतियाळाच्या महाराजांच्या मोतीबाग राजवाड्यात ती सुरू झाली. तिथला प्रशिक्षणाचा पदविका अभ्यासक्रम एक वर्षाचा आहे. सहा आठवड्यांचा प्रमाणपत्र अभ्यासक्रमही असतो. एखादा कोच 'एनआयएस' आहे म्हटलं की मैदानावर त्याला वेगळा मान मिळतो, तो यामुळे.

चौथी पायरी, महाविद्यालयातलं पद. इथे मात्र नीट लक्ष द्या, कारण बहुतेकांचा गोंधळ इथेच होतो.

४) 'कोच' आणि 'क्रीडा संचालक' यांतला फरक

अमेरिकेत विद्यापीठाच्या बास्केटबॉल संघाला स्वतंत्र, पूर्ण वेळ प्रशिक्षक असतो. आपल्या सर्वसाधारण महाविद्यालयात असं पद नसतं. आपल्याकडे असतो शारीरिक शिक्षण व क्रीडा संचालक. कबड्डीपासून बुद्धिबळापर्यंत सगळे संघ त्याचेच. खेळाडूंची नावं पाठवणं, प्रवासाची व्यवस्था, साहित्याची नोंदवही, सगळं तोच बघतो. त्याची आवड बास्केटबॉलची असेल तर कॉलेजात बास्केटबॉल फुलतो.

या पदासाठी यूजीसीच्या २०१८ च्या नियमांनुसार शारीरिक शिक्षणात किमान ५५ टक्क्यांसह पदव्युत्तर पदवी आणि नेट किंवा सेट लागते. नियमात बसणारी पीएच.डी. असेल तर नेट-सेटमधून सूट मिळते. शिवाय स्वतः स्पर्धा खेळल्याचा पुरावा आणि शारीरिक क्षमता चाचणी! तीस वर्षांपर्यंतच्या पुरुषांना १२ मिनिटांत १८०० मीटर आणि महिलांना ८ मिनिटांत १००० मीटर धावून दाखवावं लागतं. म्हणजे पुस्तकही पाहिजे आणि पायही पाहिजेत.

याशिवाय वाटा आहेत. शाळेत क्रीडा शिक्षक होता येतं. शासनाच्या क्रीडा विभागात क्रीडा मार्गदर्शकाचं पद असतं. मोठ्या शहरांत क्लब आणि अकादम्या असतात. नागपूरला शिवाजी नगर जिमखान्यासारख्या ठिकाणी वर्षानुवर्षं बास्केटबॉल शिकवला जातो. मुंबईच्या नागपाड्याच्या मैदानातून अब्बास मुंतसिर यांच्यासारखा १९७० चा अर्जुन पुरस्कार मिळवणारा खेळाडू आला. मैदान आणि शिकवणारा माणूस वर्षानुवर्षं एका जागी टिकला, की तिथे खेळाडू तयार होतात.

५) जे खरं आहे ते

पालकांची काळजी खोटी नाही. कायम पदं थोडी आहेत. जाहिरात निघायला वेळ लागतो. तोवर अनेक जण तासिका तत्त्वावर किंवा मानधनावर काम करतात. सुट्ट्यांत पैसे नाहीत, पुढच्या वर्षीची खात्री नाही. एम.पी.एड., सेट झालेली मुलंही अशी थांबलेली असतात.

म्हणून माझा सल्ला असा, की या वाटेवर दोन पायांवर उभं राहा. पदवी अशा विषयात घ्या की तो विषय शिकवूनही पोट भरेल. वुडन यांनी हेच केलं होतं. त्यांचा पगार आधी इंग्रजीच्या शिक्षकाचा होता. पंचाची परीक्षा द्या. गावच्या शाळेत संध्याकाळी तासभर मुलांना शिकवा. आणि घरच्यांना 'मला कोच व्हायचंय' एवढंच सांगू नका. कोणत्या वर्षी कोणती परीक्षा, किती खर्च आणि नाही जमलं तर काय, हे कागदावर लिहून त्यांच्यापुढे ठेवा. अर्धी भांडणं तिथेच मिटतात.

६) प्रशिक्षक नेमकं काय करतो?

१९७४-७५ च्या हंगामात दोन शिक्षण-मानसशास्त्रज्ञ, गॅलिमोर आणि थार्प, वुडन यांच्या सरावाला जाऊन बसले. हे दोघे हवाई बेटांवरच्या लहान मुलांच्या शिक्षणप्रकल्पावर काम करणारे, म्हणजे तसे आम्हा प्राथमिक शिक्षकांचेच भाऊबंद. पंधरा सरावांत वुडन काय बोलतात, काय करतात याच्या त्यांनी २३२६ नोंदी केल्या. त्यात कौतुक होतं ६.९ टक्के, नाराजी ६.६ टक्के, आणि सुमारे ७५ टक्के निव्वळ माहिती. पाय कुठे ठेव, चेंडू कसा धर, आता परत कर. लांबलचक भाषण नाही, आरडाओरडा नाही.

दोन तासांच्या सरावाचं नियोजन करायला ते जवळपास तेवढाच वेळ द्यायचे आणि मिनिटामिनिटाचा कार्यक्रम छोट्या कार्डावर लिहून खिशात ठेवायचे. हंगामाच्या पहिल्या दिवशी विद्यापीठातल्या उंचच उंच खेळाडूंना ते काय शिकवायचे, ठाऊक आहे? मोजे आणि बूट कसे घालायचे! मोज्याला घडी राहिली की फोड येतो, फोड आला की सराव चुकतो.

हे वाचताना मला पहिलीचा वर्ग आठवला. पेन्सिल कशी धरायची हे आम्ही पहिल्या आठवड्यात शिकवतो, ते याचसाठी. समजावून सांगणं, करून दाखवणं, करून घेणं, चूक दुरुस्त करणं आणि पुन्हा पुन्हा करून घेणं. वर्ग असो की मैदान, शिकवण्याची रीत एकच.

समारोप

तर माझ्या त्या विद्यार्थिनीला उत्तर असं, की बाई गं, कोच होऊन पोट भरतं, पण उशिरा भरतं. तोवर दुसरा आधार हाताशी ठेव. घरचे म्हणतात ते डी.एड. काही या वाटेच्या आड येत नाही, कारण तिथेही शिकवायलाच शिकवतात. उंची कमी असेल, राज्याच्या संघात नाव नसेल, तरी चालेल. पण दुसऱ्याची चूक शांतपणे दहाव्यांदा दुरुस्त करायला कंटाळा येत असेल, तर ही वाट धरू नकोस. तो कंटाळा येत नसेल, तर तुझी सुरुवात झालेली आहे. येत्या सुट्टीत शाळेत ये. पटांगणात आपण खांबाला एक रिंग लावू. दहा फुटांवर नको, पोरं लहान आहेत. आठ फुटांवर लावू.

स्वाध्याय

१. नेस्मिथ आणि फॉग ॲलन यांच्या उदाहरणातून कोणता धडा मिळतो?

२. जॉन वुडन यांनी १९४७ चं निमंत्रण का नाकारलं? तुम्ही असता तर काय केलं असतं?

३. महाविद्यालयातील क्रीडा संचालक आणि केवळ प्रशिक्षक यांच्या कामातला फरक सांगा.

४. उपक्रम : तुमच्या आवडीचं एक कौशल्य (सायकल चालवणं, भाकरी थापणं, पोहणं) लहान भावंडाला शिकवा. तुम्ही किती वेळा माहिती दिली, किती वेळा कौतुक केलं आणि किती वेळा रागावलात, याची वहीत नोंद करा.