अपडेट कोठे अडले?



समजा, तुम्ही अभ्यासासाठी लातूरला खोली करून राहिला आहात आणि शनिवारी नांदेडला घरी निघालात. एस. टी. ने चाकूर मागे टाकले, तोच फोनवर सूचना आली, ‘इअरबडसाठी नवे अपडेट आले आहे.’ तुम्ही मान्यता दिली आणि फोन पिशवीत घालून पिशवी वरच्या फळीवर ठेवली. अहमदपूरला गाडीत गर्दी चढली. लोह्याला फोन काढून पाहता तर काय, भरत आलेली पट्टी मध्येच थांबलेली आणि डावा इअरबड गप्प! घरच्यांनी पै-पै जोडून घेऊन दिलेला तो जोड. सोमवारच्या चाचणीपूर्वी त्याच्यावरच सरांची ध्वनिमुद्रित व्याख्याने ऐकायची होती.

अशा वेळी मनात पहिला विचार येतो, ‘बिघडला!’ परंतु बिघडणे आणि अडणे ह्या दोन गोष्टी निराळ्या आहेत. आपल्या इअरबडचे काय झाले आहे हे कसे ओळखावे, ते आज पाहू.

पाटी आणि अक्षरे

प्रत्येक इअरबडमध्ये एक चिमुकला संगणक असतो. आवाज कसा उलगडायचा, बोट टेकवले की काय करायचे, दुसऱ्या कानातल्या जोडीदाराशी कसे बोलायचे, ह्या आज्ञा त्याच्या स्मृतीत लिहिलेल्या असतात. ह्या आज्ञावलीलाच फर्मवेअर म्हणतात. ती ज्या स्मृतीत राहते तिचे नाव फ्लॅश स्मृती. जपानच्या तोशिबा कंपनीतील फुजिओ मासुओका ह्यांनी ही स्मृती १९८४ मध्ये जगापुढे मांडली. वीज गेली तरी तिच्यातील मजकूर टिकतो.

मात्र तिची एक अट आहे. वहीत एखादे अक्षर खोडून दुसरे लिहावे, तसे तिच्यात करता येत नाही. आधी पाटीचा एक अख्खा चौकोन पुसावा लागतो आणि मगच त्यावर नवे लिहिता येते. पुसून झाले, पण लिहून व्हायच्या आत वीज संपली, तर त्या चौकोनात ना जुने राहते ना नवे. अपडेटमधला खरा धोका हाच आहे.

प्रवासाचे तीन टप्पे

नवी आज्ञावली तुमच्या कानापर्यंत तीन टप्प्यांत पोहोचते.

पहिला टप्पा : कंपनीच्या संगणकाकडून तुमच्या फोनपर्यंत. येथे इंटरनेट लागते.

दुसरा टप्पा : फोनपासून इअरबडपर्यंत. येथे इंटरनेटचे काम नाही. काम असते ब्लूटूथच्या रेडिओलहरींचे. त्यांची वारंवारता सुमारे २.४ गिगाहर्ट्झ असते. वाय-फायचे पुष्कळ संच ह्याच पट्ट्यात बोलतात, त्यामुळे गोंगाट फार. लातूरच्या गंजगोलाईला सोळा रस्ते येऊन मिळतात. एक तुंबला तर आपण दुसऱ्याने जातो. ब्लूटूथही असेच करते. आवाज पाठविण्याच्या नेहमीच्या पद्धतीत त्याच्याकडे ७९ वाटा असतात आणि ते सेकंदाला १६०० वेळा वाट बदलू शकते. पण ह्या लहरी पाण्यात शोषल्या जातात, आणि माणसाच्या शरीराचा अर्ध्याहून अधिक भाग पाणीच! म्हणून गर्दीने भरलेल्या गाडीत फळीवरचा फोन आणि तुमचा कान ह्यांच्यामध्ये जणू पाण्याच्या भिंतीच उभ्या राहतात.

तिसरा टप्पा : आलेला मजकूर तपासणे आणि जुन्याऐवजी नवा चालू करणे. येथे मुख्य गरज विजेची. इअरबडमधील विद्युत्‌घट इवलासा असतो. फोनच्या घटाची क्षमता ५००० मिलिअँपिअर-तास धरली, तर इअरबडच्या घटाची जेमतेम ४०-५० भरते. म्हणूनच घट पुरेसा भरलेला नसेल तर पुष्कळ इअरबड अपडेट सुरूच करू देत नाहीत.

जलदूत आणि अपडेट

एप्रिल २०१६ मध्ये लातूरची तहान भागविण्यासाठी मिरजेहून ‘जलदूत’ रेल्वे आली, हे तुम्ही घरी ऐकले असेल. पहिल्या खेपेत १० वाघिणी होत्या आणि त्यांत सुमारे ५ लाख लिटर पाणी होते. समजा, त्यांतली एक वाघीण वाटेत राहिली असती, तर? साडेचार लाख लिटर पाणी मिळालेच असते, आणि तेही तितकेच उपयोगी पडले असते.

अपडेटचेही असेच डबे पडतात. मजकुराचे लहान लहान तुकडे करून, त्यांना क्रमांक देऊन ते पाठवतात. परंतु येथे एक जरी डबा हरवला तरी उरलेले नऊ निरुपयोगी ठरतात. आज्ञावली ही पाण्यासारखी नसून गणितासारखी आहे. मधली एक पायरी गाळली की उत्तर चुकलेच!

मग सर्व डबे नीट पोहोचले हे ओळखायचे कसे? वहीत करून पाहा. १४, ७, २२, ९ हे आकडे मित्राला पाठवायचे आहेत. त्यांची बेरीज ५२. तीही सोबत पाठवा. २२ चा २३ झाला तर बेरीज ५३ येईल आणि चूक सापडेल. पण ७ आणि २२ ह्यांची अदलाबदल झाली तर? बेरीज तीच राहील आणि चूक निसटेल. म्हणून प्रत्येक आकड्याला त्याच्या स्थानाने गुणा : १४×१ + ७×२ + २२×३ + ९×४ = १३०. अदलाबदल झाल्यास हीच बेरीज ११५ येते. चोर सापडला! इअरबड ह्याच तत्त्वावरची, पण कितीतरी कडक तपासणी करतो.

जुना पूल पाडू नका

गोदावरीवर नवा पूल बांधायचा असेल, तर त्यावरून वाहतूक सुरू होईपर्यंत जुना पूल पाडत नाहीत. चांगल्या रचनेचा इअरबडही असेच करतो. त्याच्या स्मृतीत दोन पाट्या असतात. एकीवर चालू आज्ञावली असते, तर नवी दुसरीवर लिहिली जाते. तपासणीत नवी खरी उतरली तरच कारभार तिच्याकडे जातो. ही निवड करणारी एक छोटी आरंभ-आज्ञावली असते आणि नेहमीच्या अपडेटमध्ये तिला सहसा हात लावला जात नाही. म्हणून दुसऱ्या टप्प्यात अडलेला इअरबड बहुधा जुन्या पाटीवर परत येतो. स्वस्त रचनेत पाटी एकच असेल, तर मात्र धोका जास्त.

आता शोध घेऊ

एका वेळी एकच गोष्ट बदला, आणि प्रत्येक वेळी काय झाले ते लिहून ठेवा.

१. पट्टी कोठे थांबली ते आठवा. फाइल उतरवून घेतानाच थांबली असेल तर दोष इंटरनेटचा, इअरबड निर्दोष.

२. दोन्ही इअरबड डबीत ठेवून डबी तासभर चार्जिंगला लावा. एकच बड गप्प असेल तर त्याचे धातूचे ठिपके पाहा. कानातल्या मळाचा थर बसला की चार्जिंग होत नाही. कोरड्या, मऊ कापडाने पुसा. पुष्कळदा ‘बिघडलेला’ बड एवढ्यानेच बोलू लागतो.

३. फोन आणि डबी एकाच टेबलावर शेजारी ठेवा. गाणी बंद करा, फोनची बॅटरी-बचत बंद करा. जवळ दुसरा फोन जोडलेला असेल तर त्याचे ब्लूटूथ बंद करा. अपडेट पुन्हा सुरू करून पूर्ण होईपर्यंत हात लावू नका.

४. तरीही अडले, तर फोनमधील जोडणी पुसून टाका आणि माहितीपुस्तिकेत सांगितल्याप्रमाणे रीसेट करून नव्याने जोडा. रीसेटने जोडणीच्या नोंदी व सेटिंग पुसली जातात, जुने फर्मवेअर परत येत नाही, हे ध्यानात असू द्या.

५. अ‍ॅपमध्ये डाव्या-उजव्याचे आवृत्ती-क्रमांक दिसत असतील तर ताडून पाहा. ते वेगळे असतील तर एक बड पुढे गेला आणि एक मागे राहिला, हे नक्की.

६. पूर्ण भरलेल्या डबीतूनही बड जागा होत नसेल, तर सेवाकेंद्र गाठा. अनोळखी ठिकाणची फाइल घालू नका, आणि बड उघडू तर मुळीच नका. आतील लिथियम घट टोचला गेला तर पेट घेऊ शकतो.

हीच रीत फार मोठ्या कामातही चालते. १९७७ मध्ये निघालेले व्हॉयेजर-१ हे यान नोव्हेंबर २०२३ मध्ये निरर्थक संदेश पाठवू लागले. ते तेव्हा सुमारे २४ अब्ज किलोमीटर दूर होते. संदेश एका दिशेने पोहोचायलाच साडेबावीस तास लागत. शास्त्रज्ञांनी यानाची स्मृती मागवून घेतली, पूर्वीच्या नोंदींशी ताडून पाहिली आणि बिघडलेली चिप शोधली. १८ एप्रिल २०२४ रोजी त्यांनी तेथील आज्ञा स्मृतीत दुसरीकडे हलविल्या. २० एप्रिलला यानाचे उत्तर आले, ते पुन्हा अर्थ लागेल असे होते!

तुमच्या इअरबडला तर फक्त टेबल, चार्जर आणि थोडा धीर हवा.

करून पाहा

मोकळ्या मैदानात फोन दगडावर ठेवा. एकच बड कानात घालून गाणे लावा आणि पावले मोजत दूर जा. आवाज तुटू लागला की तेथेच उभे राहून सावकाश गोल फिरा. कोणत्या दिशेला तोंड असताना आवाज अधिक तुटतो? हाच प्रयोग खोलीत केल्यास फरक कमी का जाणवतो?

विचार करा

१, २, ३ हे आकडे पाठविले. स्थानाने गुणून केलेली बेरीज १४ येते. आकडे चुकूनही बेरीज १४ च राहील, असे एक उदाहरण शोधा. आपल्या तपासणीत काय उणीव आहे, ते तुमच्या ध्यानात येईल.