खोकल्याला आधी खोकला म्हण

भाईंदर (प.)
घटस्थापना, २२ सप्टेंबर २०२५

चि. बयो हिस,


काल फोनवर बोलले तेच जरा नीट लावून लिहिते आहे. फोनवरचं बोलणं रात्री दोनला कामाला येत नाही. त्या वेळी मी घोरत असते आणि तू मोबाइलमध्ये खोकल्याची कारणं शोधत असतेस. हे पत्र उशाशी ठेव, आणि झोप मोडली की मोबाइलऐवजी हे वाच.

आधी खोकल्याचं. गणपतीत घरातल्या सगळ्यांना ताप आला. मुलांचा आठवड्यात गेला, तुझा खोकला मात्र अजून आहे. व्हायरल तापानंतर कोरडा खोकला तीन ते आठ आठवडे रेंगाळू शकतो. श्वासनलिकेचं अस्तर सोलवटलेलं असतं, ते भरून येईपर्यंत गार वारा, अगरबत्तीचा धूर, जरा जोरात हसणं, एवढ्यानंसुद्धा ठसका लागतो. ज्या बाईला कधी कॅन्सर झाला नाही तिलाही हे होतं, आणि जिला झाला तिलाही होतं. नोकरीभर वॉर्डात मी हेच पाहिलं, की एकदा मोठं दुखणं होऊन गेलं की बाई स्वतःला साधं दुखणं होऊच देत नाही. पाठ भरली तर हाडं, डोकं दुखलं तर मेंदू, खोकला आला तर फुप्फुस. साधं आजारी पडायचा हक्क तुलाही आहे, तो सोडू नकोस.

डॉक्टरांनी छातीचा एक्स-रे आणि थुंकीची तपासणी लिहून दिली, तेव्हा ‘त्यांना संशय आलाय’ असं तू धरून बसलीस. अगं, दोन आठवड्यांहून जास्त खोकला असला की टीबी तपासायचा, हा आपल्या क्षयरोग कार्यक्रमाचा नियमच आहे. तुमच्या सोसायटीचा वॉचमन गेला असता तरी त्याला हेच लिहून दिलं असतं. थुंकीत काही निघालं नाही, एक्स-रे स्वच्छ आला. त्या संध्याकाळी तू हसत होतीस. दोन दिवसांनी विचारलंस, ‘आत्या, फार बारीक गाठ एक्स-रेत दिसत नाही ना?’

नाही दिसत, हे खरं आहे. पण ही वाट कुठे जाते ते बघ. एक्स-रेनंतर सीटी, सीटीनंतर पेट स्कॅन, आणि पेट स्कॅन नितळ आला की ‘तेव्हा नसेल, आता असेल’. कायमची खात्री देणारी तपासणी अजून कुणी काढलेली नाही.

आणि तुझी धास्ती काही एकट्या खोकल्याची नाही. ३१ ऑगस्टला आपल्या मीरा रोडलाच अभिनेत्री प्रिया मराठे गेली. अडतीस वर्षांची पोर. ‘पवित्र रिश्ता’ मालिकेपासून आपण तिला बघत आलो. कॅन्सरमधून उठून ती पुन्हा कामाला लागली होती आणि आजार परतला. त्या दिवशी तू मला फोन केलास तेव्हा रडत नव्हतीस, नुसती गप्प होतीस. तेव्हाच मी ओळखलं, की ही बातमी तू तिच्यासाठी ऐकलेली नाहीस, स्वतःसाठी ऐकली आहेस. तिच्यासाठी वाईट वाटून घे, घ्यायलाच हवं. पण तिचा आजार तिचा आणि तुझी फाईल तुझी. कॅन्सर हे एका रोगाचं नाव नाही. अवयव, स्टेज, रिसेप्टर, उपचार, सगळं ज्याचं त्याचं निराळं. वारलेली माणसं वर्तमानपत्रात छापून येतात. सकाळी तुझ्यासारखीच लेट्रोझोलची गोळी घेऊन लेडीज डब्यात उभ्याने चर्चगेटला जाणारी बाई बातमीत येत नाही. तिच्यासारखी कुणी बघायची असेल, तर टाटा हॉस्पिटलच्या फॉलो-अपच्या रांगेत पुढे-मागे बघ. दहा-दहा, पंधरा-पंधरा वर्षांच्या फाइली घेऊन बायका उभ्या असतात.

आता पेट स्कॅनचं. बाहेर पैसे भरून करून घेते म्हणालीस, म्हणून हे सविस्तर. ‘लवकर सापडलं तर बरं’ हे आपल्या मनात इतकं पक्कं बसलं आहे, की त्याला मर्यादा आहे हे कुणी सांगितलं तरी पटत नाही. इटलीतल्या २० रुग्णालयांत १,३२० बायकांचा अभ्यास झाला, १९९४ साली तो छापून आला. सगळ्यांची, तुझ्यासारखीच, ब्रेस्ट कॅन्सरची ट्रीटमेंट झालेली. अर्ध्या बायकांचे ठरावीक महिन्यांनी हाडांचे स्कॅन, लिव्हरची सोनोग्राफी, छातीचे एक्स-रे, रक्ताच्या तपासण्या केल्या. उरलेल्यांना डॉक्टर हातानं तपासत, मॅमोग्राफी होई, आणि काही त्रास दिसला तरच पुढची चाचणी. जगण्याच्या बाबतीत दोन्ही गटांत फरक पडला नाही. औषधं तेव्हापासून खूप सुधारली, तरी त्रास नसलेल्या बाईला नुसत्या धास्तीपोटी पेट स्कॅन किंवा रक्ताची सीए १५-३ चाचणी करू नये, हेच आजही तज्ज्ञ सांगतात. लांबच्या अवयवात आजार गेला, तर पुढचं सारं त्या आजाराच्या जातीवर आणि औषधाला तो किती दाद देतो यावर ठरतं. चार महिने आधी कळल्यानं ते पालटत नाही. उलट स्कॅनमध्ये जुन्या जंतुसंसर्गाचा एखादा निरुपद्रवी ठिपका दिसला, की बायोप्सीपर्यंत फरफट.

मॅमोग्राफीचं मात्र वेगळं. त्याच स्तनात आजार परत आला किंवा दुसऱ्यात नवा उगवला, तर तो लवकर सापडण्यात खरा फायदा आहे. म्हणून वर्षाची मॅमोग्राफी आणि टाटाची तारीख चुकवायची नाही. भीती वाटते म्हणून नाही, आणि भीती वाटत नाही म्हणूनही नाही.

मग घरी काय पाहायचं? हे वहीत उतरवून ठेव. थुंकीत रक्त, चढत जाणारी धाप, व्रणावर, काखेत किंवा गळ्याशी नवी गाठ, एकाच हाडात दिवसरात्र ठसठसणारी आणि वाढतच जाणारी कळ, डोळे पिवळे होणं, उलट्यांसह हटवादी डोकेदुखी, कारण नसताना वजन उतरणं. यातलं काही दिसलं तर तारखेची वाट पाहायची नाही, फोन करून जायचं. बाकी कुठलंही नवं दुखणं वहीत तारखेसह लिहायचं आणि दोन आठवडे बघायचं, वाढतंय की उतरतंय. तरी टिकलं तर डॉक्टरांना सांगायचं. तुझा खोकला दिवसा कमी झालाय, ताप नाही, धाप नाही, वजन आहे तिथे आहे. आठ आठवडे उलटूनही राहिला किंवा मध्येच वाढला, तर पुढच्या तपासण्या व्हायलाच हव्यात, आणि त्या मी स्वतः मागे लागून करून घेईन. पण ते डॉक्टर ठरवतील. रात्री दोनला, अंधारात, तू नाही.

सकाळी उठताना बोटं आणि गुडघे आखडतात म्हणतेस. लेट्रोझोल घेणाऱ्या जवळजवळ निम्म्या बायका हेच सांगतात. दोन्ही बाजूंना सारखं दुखतं, हालचाल सुरू झाली की सुटतं. गोळी मनानं बंद करायची नाही. चालायचं, डॉक्टरांना सांगायचं, गोळी बदलताही येते. हाडांची घनता कधी तपासायची तेही विचार, कारण ही गोळी हाडं विरळ करते. काखेतल्या गाठी काढलेल्या बाजूचा हात जड वाटतो, त्यासाठी फिजिओथेरपिस्टने शिकवलेले व्यायाम सोडू नकोस. सूज वाढली किंवा हात लाल होऊन ताप आला, तर लगेच दाखव.

आता जरा रागावते. तू दिवसातून कितीदा काख चाचपतेस ते तुझ्या नवऱ्यानं मला सांगितलं. सारखं दाबलं की तिथे दुखायला लागतं, आणि ते दुखणं तुला नवा पुरावा वाटतं. ‘काही नाही ना?’ हे त्यांना रोज विचारतेस. बिचारे ‘नाही’ म्हणतात, तुला घटकाभर बरं वाटतं, मग पुन्हा विचारतेस. नायटा खाजवल्यासारखं आहे हे. खाजवताना सुख, पण त्यानंच तो पसरतो. तेव्हा आजपासून चाचपणी महिन्यातून एकदा, पहिल्या रविवारी, आंघोळीच्या वेळी. त्यांना मी सांगून ठेवलं आहे, की तू विचारलंस तर ‘वहीत लिही’ एवढंच म्हणायचं. ते माया करत नाहीत असं समजू नकोस. काळजी करायला संध्याकाळचा अर्धा तास ठरव. त्या वेळी वही उघडून मनसोक्त काळजी कर. रात्री मनात काही आलं तर उद्याच्या अर्ध्या तासावर टाक. सुरुवातीला हे हास्यास्पद वाटेल, तरी कर. मोबाइल स्वयंपाकघरात चार्जिंगला.

भीती अजिबात वाटू नये, असं मी म्हणत नाही. ती या आजाराबरोबरच येते. मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी १९५५च्या सुमारास मांडलेली आणि कि. मो. फडके यांनी मराठीत घरोघरी नेलेली विचारपद्धती मला इथे उपयोगी वाटते. खात्री मिळाली तर बरं, ही इच्छा रास्त आहे. खात्री मिळेपर्यंत मी हसणार नाही, जेवणार नाही, कुठे जाणार नाही, हा हट्ट आहे. आजार उद्या परत येईल की नाही, हे तुझ्या हातात नाही. तो हट्ट मात्र तुझाच आहे, तेव्हा तो सोडणंही तुझ्याच हातात.

हे सगळं करूनही झोप येईना, जेवण जाईना, कामावर जाववेना, तर मानसोपचारतज्ज्ञाकडे जायचं. त्यात लाजण्यासारखं काही नाही. टाटात त्यासाठी वेगळा विभाग आहे. ठाण्यात डॉ. आनंद नाडकर्णींची आयपीएच ही संस्था आहे, आपल्याहून लांब नाही. मध्यरात्रीच बोलावंसं वाटलं तर सरकारची टेलिमानस ही हेल्पलाइन १४४१६ या नंबरवर आहे, मराठीत बोलतात, पैसे पडत नाहीत. जाशील तिथे कॅन्सरची कोणती गोळी चालू आहे ते आधी सांग. तुझी लेट्रोझोल आहे, पण टॅमॉक्सिफेन चालू असेल तर नैराश्यावरच्या काही गोळ्या टाळाव्या लागतात, म्हणून हे सांगायची सवय असू दे.

पुढच्या तारखेला मी बरोबर येणार. अपंगांच्या डब्यात कॅन्सरच्या पेशंटला बसता येतं, फाईल जवळ ठेव. प्रभादेवीला उतरून हळूहळू चालत जाऊ. डॉक्टरांना विचारायचे प्रश्न वहीत लिहून आण, पण तीनच. चौथा सुचला तर तीनातला एक खोड. मोबाइलमधली कात्रणं दाखवायची नाहीत.

आणि सोसायटीचा गरबा चुकवू नकोस. खोकला आला तर मास्क लाव, धाप लागली तर खुर्चीवर बसून टाळ्या वाजव, पण खाली उतर. रोज संध्याकाळी जेसल पार्कच्या खाडीवर जमेल तेवढं चाल. कॅन्सरनंतरच्या थकव्याला चालण्याइतकं गुणकारी औषध मला नोकरीत दुसरं दिसलं नाही.

जावईबापूंना नमस्कार, मुलांना आशीर्वाद. वही आणलीस की फोटो पाठव. बाकी काही पाठवायचं नाही, रिपोर्ट तर नाहीच.

तुझी,
आत्या