पौंड, स्लग आणि किलोग्रॅम

नवी दिल्ली येथील राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेत प्लॅटिनम व इरिडियम यांच्या मिश्रधातूचा एक लहानसा दंडगोल आहे. त्याची उंची व व्यास प्रत्येकी सुमारे ३९ मिलिमीटर. पॅरिसजवळील सेव्र येथे ठेवलेल्या मूळ किलोग्रॅमची ही ५७ व्या क्रमांकाची अधिकृत प्रतिकृती होय. १९५६ च्या कायद्याने भारताने वजनमापांची दशमान पद्धती स्वीकारली आणि १ ऑक्टोबर १९५८ पासून ती टप्प्याटप्प्याने अमलात आली. त्या वेळी शेर, मण व तोळा यांची किलोग्रॅमशी कायदेशीर सांगड घातली गेली : १ मण म्हणजे ३७.३२४२ किलोग्रॅम. बाजारातील मण अशा रीतीने मागे पडला. परंतु जुन्या यंत्रांच्या पुस्तिकांतून व आराखड्यांतून पौंड, टन व स्लग ही एकके आजही भेटतात. त्यांचे रूपांतर कसे करावे, हा या पाठाचा विषय आहे.

वस्तुमान आणि वजन

पदार्थात द्रव्य किती आहे, हे वस्तुमान सांगते. पृथ्वी त्या पदार्थास ज्या प्रेरणेने, म्हणजेच बलाने, आपल्याकडे ओढते ते त्याचे वजन. वस्तुमान सर्वत्र सारखेच राहते. वजन मात्र स्थळानुसार बदलते. मेट्रिक पद्धतीत या दोहोंना निराळी नावे आहेत. वस्तुमान किलोग्रॅममध्ये आणि प्रेरणा न्यूटनमध्ये मोजतात. ब्रिटिश अभियांत्रिकी व्यवहारात मात्र 'पौंड' हा एकच शब्द दोन्ही अर्थांनी वापरला जातो. घोटाळ्याचे मूळ येथेच आहे.

पौंड हे वस्तुमान मानल्यास रूपांतर अगदी सोपे आहे. १९५९ साली इंग्रजी भाषिक देशांनी परस्पर करार करून पौंडाची व्याख्याच किलोग्रॅमवरून ठरविली :

१ पौंड = ०.४५३५९२३७ किलोग्रॅम

हा आकडा मोजून काढलेला नसून व्याख्येनेच निश्चित केलेला आहे. २२४० पौंडांचा ब्रिटिश टन १०१६.०५ किलोग्रॅमचा भरतो. मेट्रिक टन १००० किलोग्रॅमचा. नाव एकच असले तरी प्रत्येक टनामागे १६ किलोग्रॅमचे अंतर पडते.

पौंड ही प्रेरणा मानल्यास, गुरुत्वप्रवेगाचे प्रमाणमूल्य ९.८०६६५ मीटर प्रति सेकंद प्रति सेकंद असताना एक पौंड वस्तुमानावर जी ओढ पडते ती एक पौंड प्रेरणा होय. तिचे मूल्य ४.४४८२ न्यूटन. दिल्लीत गुरुत्वप्रवेग सुमारे ९.७९१ आहे; म्हणून १००० पौंड वस्तुमानाचे वजन तेथे सुमारे ९९८.४ पौंड प्रेरणा इतकेच भरते.

स्लग म्हणजे काय ?

प्रेरणा म्हणजे वस्तुमान गुणिले प्रवेग, हा न्यूटनचा नियम. प्रेरणा पौंडांत व प्रवेग फुटांत घेतला, तर वस्तुमानासाठी निराळे एकक लागते. एक पौंड प्रेरणेने ज्या वस्तुमानास एक फूट प्रति सेकंद प्रति सेकंद प्रवेग मिळतो, ते वस्तुमान म्हणजे एक स्लग.

१ स्लग = ३२.१७४ पौंड = १४.५९३९ किलोग्रॅम

उदाहरण. एका यंत्राच्या फिरत्या भागाचे वस्तुमान ५० स्लग दिले आहे. ते किलोग्रॅममध्ये किती ?
५० × १४.५९३९ = ७२९.७ किलोग्रॅम.
पडताळा : ५० × ३२.१७४ = १६०८.७ पौंड, १६०८.७ × ०.४५३५९ = ७२९.७ किलोग्रॅम. दोन्ही वाटांनी उत्तर एकच आले.

चुकीची किंमत

२३ जुलै १९८३ रोजी एअर कॅनडाचे एक बोइंग ७६७ विमान माँट्रियलहून ओटावामार्गे एडमंटनला निघाले. प्रवासास २२,३०० किलोग्रॅम इंधन हवे होते. टाक्यांत ७६८२ लिटर शिल्लक होते. एका लिटर इंधनाचे वस्तुमान ०.८०३ किलोग्रॅम, अथवा १.७७ पौंड. हिशेबात १.७७ हा आकडा घेतला गेला आणि तो किलोग्रॅमचा समजला गेला. त्यामुळे सुमारे २०,०८८ लिटरांऐवजी अवघे ४९१७ लिटर इंधन भरले गेले. हिशेबाने २२,३०० आले ते प्रत्यक्षात पौंड होते. किलोग्रॅम सुमारे १०,१०० च. वाटेत दोन्ही एंजिने बंद पडली. वैमानिकांनी विमान तरंगत नेऊन गिम्ली येथील जुन्या धावपट्टीवर उतरविले. विमानातील ६९ जणांपैकी कोणीही दगावले नाही.

त्या हिशेबातील गुणाकार व भागाकार बरोबर होते. चुकले ते आकड्यापुढील एकक. २० मे २०१९ पासून किलोग्रॅमची व्याख्या धातूच्या दंडगोलावर न राहता प्लांकच्या स्थिरांकावर आधारलेली आहे. प्रमाण इतके सूक्ष्म झाले तरी हिशेब करणाऱ्याची जबाबदारी कमी होत नाही. म्हणून रूपांतरापूर्वी दोन प्रश्न अवश्य विचारावेत : दिलेली राशी वस्तुमान आहे की प्रेरणा ? आणि प्रत्येक आकड्यापुढे त्याचे एकक लिहिले आहे काय ?

सराव

१. ३ स्लग म्हणजे किती किलोग्रॅम ?
२. १२ ब्रिटिश टन कोळसा किती किलोग्रॅम भरेल ?
३. ५ मण धान्य म्हणजे किती किलोग्रॅम ?

उत्तरे : १) ४३.७८, २) १२,१९२.६, ३) १८६.६.