व्यावसायिक स्नेहसंबंध : बांधणी व जोपासना

चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील नवव्या अध्यायात चिकित्सेचे चार पाद वर्णिले आहेत : भिषक्, द्रव्य, उपस्थाता व रोगी. पदवीच्या काळात आपण सर्वांनी या चतुष्पादाचे पाठांतर केले आहे. यांपैकी पहिला पाद वैद्याच्या स्वतःच्या अध्ययनावर उभा असतो. उरलेल्या तिन्हींसाठी मात्र त्याला इतरांवर विसंबावे लागते. द्रव्य व्यापाऱ्याकडून वा फार्मसीकडून येते, शुश्रूषा घरची माणसे करतात, आणि रोगी खरे बोलला तरच निदान साधते. म्हणजे व्यावसायिक संबंध हा चिकित्सेचाच भाग होय. त्याची योग्यता ओळखींच्या संख्येवरून ठरत नाही. त्यातून खरी माहिती दोन्ही बाजूंनी वाहते किंवा नाही, यावरून ठरते.

१. एक ऐतिहासिक दाखला

१९०७ साली नाशिक येथे वैद्य शंकर दाजीशास्त्री पदे यांनी अखिल भारतीय आयुर्वेद महासंमेलनाची स्थापना केली. 'आर्यभिषक' या ग्रंथामुळे त्यांचे नाव घरोघरी पोहोचले होते; तथापि ग्रंथाने वाचक जोडले जातात, वैद्य एकमेकांस जोडले जातातच असे नाही, हे त्यांनी ओळखले होते. १९०९ साली पदेशास्त्री निवर्तले. संस्था मात्र टिकली. वार्षिक अधिवेशने आणि विद्यापीठाच्या परीक्षा यांमुळे निरनिराळ्या प्रांतांतील वैद्यांना एकत्र येण्यास निश्चित प्रयोजन मिळाले. यातून घ्यावयाचा बोध असा की, व्यक्तीच्या लोकप्रियतेवर उभा राहिलेला संबंध व्यक्तीबरोबर जातो. नियमित कार्यावर उभा राहिलेला मागे उरतो.

२. समव्यवसायी वैद्य

विमानस्थानाच्या आठव्या अध्यायात तद्विद्यसंभाषेचे दोन प्रकार सांगितले आहेत : संधायसंभाषा व विगृह्यसंभाषा. पहिलीत मैत्रीभावाने विचारविनिमय होतो, दुसरीत जिंकण्याची ईर्षा असते. आपल्या तालुकास्तरीय बैठका बहुधा सत्कार आणि अल्पोपाहार यांतच संपतात. त्याऐवजी महिन्यातून एकदा पाच-सहा वैद्यांनी एकत्र बसावे व प्रत्येकाने एकच रुग्ण मांडावा. तोही शक्यतो उपशय न मिळालेला. यशस्वी रुग्णांच्या कथनाने कीर्ती वाढते, अयशस्वी रुग्णांच्या चर्चेने ज्ञान वाढते. रुग्णाचे नाव व ओळख मात्र अशा चर्चेत कदापि येऊ नये.

३. फार्मसी व काष्ठौषधींचे व्यापारी

वरणगावसारख्या गावी या संबंधाचे महत्त्व विशेष आहे. येथील आयुध निर्माणीमुळे परप्रांतांतील कुटुंबेही वसली आहेत, आणि औषधीचे नाव प्रांतागणिक बदलते. केरळात शंखपुष्पी म्हणून गोकर्णी वापरतात; उत्तरेत त्याच नावाने वेगळी वनस्पती मिळते. रास्नेची तीच कथा : दक्षिणेत कुलिंजनाच्या जातीचे मूळ, तर बंगालमध्ये झाडावर वाढणारे बांडगुळासारखे ऑर्किड याच नावाने घेतात. अशोकाच्या सालीत शोभेच्या खोट्या अशोकाची साल मिसळली जाते, हे तर सर्वश्रुत आहे. चिठ्ठीवर योग बरोबर असूनही रुग्णेचा रक्तप्रदर थांबत नाही, तेव्हा दोष निदानाचा की सालीचा, हे वैद्याने कोणास विचारावे?

ते सांगू शकेल असा व्यापारी जोडून ठेवणे, हेच येथे संबंधबांधणीचे प्रयोजन. वैद्याने मालाचे मूळ ठिकाण व बॅच क्रमांक विचारण्याची सवय ठेवावी. फार्मसीमालकांनीही माल बदलला असता तो न विचारता कळवावा. २००० साली अनुसूची 'टी' अन्वये उत्तम निर्मितीपद्धतीचे नियम आले, त्यामुळे कच्च्या द्रव्याच्या नोंदी निर्मात्याजवळ असणे अपेक्षितच आहे. प्रश्न त्या वैद्यापर्यंत पोहोचण्याचा आहे. त्याचबरोबर वैद्यांनी देयके वेळेवर चुकती करावीत. ज्याची उधारी सहा महिने थकली आहे, त्याला व्यापारी खरे सांगण्यापेक्षा हाती असलेला माल देणे पसंत करतो.

४. वनौषधी आणणारे

औषधींचे नाम व रूप गुराखी, मेंढपाळ आणि वनवासी जाणतात, असे चरकाचार्यांनी पहिल्याच अध्यायात नमूद केले आहे. रावेर, यावल व चोपडा तालुक्यांच्या उत्तरेस पसरलेल्या सातपुड्यात बेहडा, धायटी, सालईचा डिंक ही द्रव्ये मिळतात, आणि तेथील तडवी व पावरा मंडळी ती पिढ्यान्‌पिढ्या ओळखतात. त्यांच्याशी घासाघीस करून स्वस्त माल मिळेल, परंतु संग्रहाचा काळ कोणी पाळणार नाही. योग्य भाव द्यावा, कोणते अंग केव्हा हवे ते सांगावे व आपणही त्यांच्याकडून शिकावे. यावल अभयारण्याच्या हद्दीतील वनस्पतींची मागणी मात्र कोणीही करू नये.

५. रुग्ण अन्यत्र पाठविताना

पक्व गुल्माच्या प्रसंगी शस्त्रकर्माचा अधिकार धान्वंतरीय संप्रदायाचा, असे स्वतः चरकाचार्य सांगतात. एवढ्या मोठ्या आचार्यांना ज्यात कमीपणा वाटला नाही, त्यात आपणास का वाटावा? भुसावळ वा जळगावच्या रुग्णालयात रुग्ण पाठविताना सोबत पत्र द्यावे. त्यात लक्षणांचा प्रारंभ, नाडी, रक्तदाब, दिलेली औषधे व त्यांच्या मात्रा, विशेषतः रसौषधी, स्पष्ट लिहाव्यात. प्रथम रुग्णाला उत्तर येईलच असे नाही. परंतु नेमकी माहिती देणाऱ्या वैद्याची नोंद तेथील डॉक्टर घेतात. औषधाचा दुष्परिणाम आढळल्यास तोही दडवू नये. २००८ साली आयुर्वेदीय औषधांसाठी राष्ट्रीय औषधदक्षता कार्यक्रम सुरू झाला तो याच हेतूने.

६. जोपासनेचे नियम

(अ) एक स्वतंत्र वही ठेवावी. कोणाकडे कोणता रुग्ण पाठविला, कोणाकडून आला व पुढे काय झाले, हे तीत लिहावे.

(आ) ज्याने रुग्ण पाठविला त्याला आठ दिवसांच्या आत फलित कळवावे. बहुतेक संबंध भांडणाने तुटत नाहीत, उत्तर न दिल्याने विरतात.

(इ) दुसऱ्याकडून आलेला रुग्ण, त्याचे कार्य संपताच, मूळ वैद्याकडे परत पाठवावा.

(ई) रुग्ण पाठविल्याबद्दल दलाली घेऊ नये, देऊ नये. दलालीच्या संबंधात रुग्ण जवळच्या योग्य ठिकाणी न जाता अधिक देणाऱ्याकडे जातो, आणि चतुष्पादातील चौथा पादच ढळतो.

(उ) अन्य वैद्याच्या चिकित्सेवर रुग्णासमक्ष टीका करू नये. शंका असल्यास त्या वैद्यालाच प्रत्यक्ष विचारावे.

वाचक वैद्यांनी आज एवढेच करावे : गेल्या तीन महिन्यांत ज्यांनी आपल्याकडे रुग्ण पाठविले त्यांची यादी करावी आणि ज्यांना फलित कळविले नाही, त्यांना दोन ओळी लिहाव्यात. फार्मसीमालकांनी मागील वर्षी ज्या द्रव्याविषयी तक्रार आली, त्याचे मूळ शोधून तक्रार करणाऱ्या वैद्याला उत्तर द्यावे. इत्यलम्.