न दिसणाऱ्या वायूचा शोध

भुसावळजवळ दीपनगर येथे वीजकेंद्राच्या उंच चिमण्या आहेत. त्यांतून निघणारा धूर लांबूनही दिसतो. पण सगळेच वायू डोळ्यांना दिसत नाहीत. ओला कचरा ढिगाखाली दबला आणि हवा न लागता कुजला, की त्यातून मिथेन वायू निघतो. गोबरगॅसच्या शेगडीत जळतो, तोच हा वायू. शेगडीत तो उपयोगी. मोकळा सुटला तर मात्र वीस वर्षांच्या काळात कार्बन डायऑक्साइडच्या ८० पटींहून अधिक उष्णता अडवून धरतो. जळगाव-धुळ्याच्या मे महिन्यात आणखी उष्णता कोणाला हवी आहे?

न दिसणारा वायू मोजायचा कसा? इंद्रधनुष्य तुम्ही पाहिले आहे. उर्दूत त्याला धनक म्हणतात. सूर्यप्रकाशात त्या सात रंगांपलीकडे आपल्याला न दिसणारे किरणही असतात. त्यांतील काही ठरावीक किरण मिथेन शोषून घेतो. जमिनीवर आपटून परत वर गेलेला प्रकाश उपग्रह तपासतो. ते किरण जितके कमी, तितका मिथेन जास्त. चोर दिसला नाही, तरी काय चोरीला गेले यावरून तो ओळखावा, तसेच हे!

या कामाला उपग्रह मोठाच लागतो असे नाही. २२ जून २०१६ रोजी इस्रोच्या एकाच अग्निबाणाने श्रीहरिकोटा येथून २० उपग्रह नेले. त्यांत पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातील विद्यार्थ्यांनी बनवलेला 'स्वयम्' होता. वजन जेमतेम एक किलो! त्याचे काम संदेश पोहोचवण्याचे होते. चेन्नईच्या विद्यार्थ्यांचा दीड किलोचा 'सत्यभामासॅट' मात्र हवेतील वायूंची माहिती घेण्यासाठी होता. सोबत कॅनडातील एका कंपनीचा 'क्लेअर' होता. तो खास असे वायू मोजण्यासाठीच होता.

पुढे त्या कंपनीने असे आणखी उपग्रह सोडले. युरोपचा एक मोठा उपग्रह कोणत्या शहरावर मिथेन जास्त आहे ते सांगतो. लहान उपग्रह नेमका ढीग दाखवतो. दोघांची मापे जुळवून शास्त्रज्ञांनी २०२२ मध्ये अभ्यास प्रसिद्ध केला. मुंबईतील कांजूरमार्गच्या कचराभूमीतून तासाला सुमारे १० टन मिथेन निघत असल्याचे त्यात आढळले. दिल्ली आणि लाहोर येथील ढीगही त्यात होते.

ढग आड आले की ही मोजणी अडते. म्हणून पावसाळ्यात उपग्रहांना फारसे काही हाती लागत नाही.

उपक्रम : तुमच्या गावाचा ओला कचरा कोठे टाकतात? त्याचे खत करतात की नुसता ढीग? घरच्या वडीलधाऱ्यांना विचारून पाच-सहा वाक्ये मराठीत लिहा.