मोडक्या गाडीची परीक्षा

मोडलेली वस्तू टाकून न देता ती दुरुस्त करून वापरणे हा आपल्याकडील जुना शिरस्ता आहे. जीर्ण लुगड्यांची गोधडी होते, बोथट झालेला फाळ लोहार पुन्हा पाजवून देतो, कल्हई लावताच काळवंडलेले पातेले झळकू लागते. परंतु प्रत्येक मोडकी वस्तू दुरुस्तीस योग्य असतेच, असे नाही. जिच्यावर माणसाचा जीव अवलंबून असतो, तिच्याबाबत तर हा निर्णय फार विचारपूर्वक घ्यावा लागतो. मोटारसायकल ही अशीच एक वस्तू होय.

आपल्या देशात 'बुलेट' ही मोटारसायकल सर्वांच्या परिचयाची आहे. इंग्लंडमधील रेडिच येथील रॉयल एन्फील्ड कंपनीने १९३२ साली या नावाची गाडी प्रथम बाजारात आणली. १९५५ साली मद्रास, म्हणजे आजचे चेन्नई, येथे ती तयार करण्यासाठी कंपनी स्थापन झाली. पुढे १९६७ साली रेडिचचा कारखाना बंद पडला. बुलेट मात्र भारतात तयार होतच राहिली. तिच्या जुन्या इंजिनाचा सिलिंडर बिडाचा असे. त्याचा व्यास ७० मिलिमीटर, पिस्टनची धाव ९० मिलिमीटर आणि धारणशक्ती ३४६ घन सेंटिमीटर. रचना साधी असल्याने गावोगावचे मेस्त्री ती खोलून जोडू शकतात. म्हणूनच अपघातात मोडलेली बुलेट स्वस्तात मिळते असे कळले, की अनेक तरुणांच्या मनात ती घेण्याचा मोह उत्पन्न होतो.

कोल्हापूरच्या उद्यमनगरात काम शिकणाऱ्या एका तरुणाला असाच मोह पडला. त्याचे गाव शहरापासून दूर होते. स्वतःला कामावर येण्यासाठी आणि धाकट्या बहिणीला महाविद्यालयात सोडण्यासाठी त्याला गाडी हवी होती. दोन वर्षे पगारातून शिल्लक टाकून त्याने काही रक्कम साठविली होती. एका गॅरेजच्या मागे पडलेली बुलेट पाहताच त्याने ती घेण्याचे ठरविले. परंतु सौद्यापूर्वी आपल्या वृद्ध मेस्त्रींना त्याने सोबत नेले.

मेस्त्रींनी प्रथम कागदपत्रे मागितली. चासीवर ठोकलेला क्रमांक आणि इंजिनावरील क्रमांक नोंदपुस्तकाशी जुळतात का, कोठे कानस मारल्याची खूण आहे का, गाडीवर कोणाचे कर्ज आहे का, हे त्यांनी बारकाईने तपासले. "गाडी कायमची निकामी झाली, तर मालकाने चौदा दिवसांच्या आत नोंदणी अधिकाऱ्याला कळवावे, असे १९८८ च्या मोटार वाहन कायद्यात सांगितले आहे. अशा मेलेल्या गाडीचा क्रमांक एखाद्या चोरीच्या गाडीला चिकटविला जाऊ नये, म्हणून ही काळजी घ्यावी लागते," असे ते म्हणाले. कागदपत्रे निर्दोष निघाली.

नंतर तरुणाने इंजिन पाहिले. किक हलकेच दाबताच पिस्टन सरकला. म्हणजे तो जाम झालेला नव्हता. तेलात पाण्याचा पांढुरकेपणा नव्हता, धातूचा कीसही नव्हता. सिलिंडर झिजला होता; पण तो बोअर करून मोठा पिस्टन बसविता येणार होता. तरुणाचा चेहरा उजळला. त्याने खिशातून वही काढली. गाडी २५,००० रुपये, सुटे भाग ३२,०००, मजुरी व रंग १२,०००, नाव बदलणे व विमा ६,०००, एकूण ७५,०००. तशीच चालू गाडी त्याला ९०,००० रुपयांना मिळणार होती.

"पंधरा हजार वाचतात, मेस्त्री!" तो म्हणाला.

"खोलल्यावाचून न दिसणारा खर्च तू धरलाच नाहीस. त्यासाठी दहा हजार बाजूला ठेव," मेस्त्री शांतपणे म्हणाले. "मग पाचच हजार उरतात, आणि तुझे कित्येक रविवार जातात ते निराळेच. तरीही काम शिकायला मिळेल, म्हणून मी नको म्हणणार नाही. पण आधी गाडीची हाडे पाहू."

पुढचा फोर्क मागे वाकला होता. तो बदलता येण्यासारखा होता. मग मेस्त्रींनी पेट्रोलची टाकी उतरविली. हँडलच्या मानेमागे, जेथे नळ्या एकत्र जोडलेल्या असतात, तेथे रंगाला बारीक सुरकुत्या पडल्या होत्या. चिंधीने पुसताच जोडाजवळ केसाएवढी चीर दिसली.

"वेल्डिंग करून घेतले तर?" तरुणाने विचारले.

"वरून रंग दिला की कोणालाही दिसणार नाही; पण वाकलेली नळी सरळ केली तरी तिचे पहिले बळ परत येते, याचा भरवसा नाही. हादऱ्याहादऱ्याने चीर वाढत जाते. एखाद्या दिवशी भर वेगात मान सुटेल, आणि ती आधी सांगून सुटणार नाही. तुझ्या मागे त्या वेळी कोण बसलेले असेल, याचा विचार कर. चासीच बदलावी, तर नोंदपुस्तकातील क्रमांक जुळणार नाही."

गिऱ्हाईक परत जात आहे असे पाहून विकणाऱ्याने तत्काळ पाच हजार रुपये कमी केले. तरुण क्षणभर थबकला. किंमत कमी झाली होती. परंतु चासीची चीर तेवढीच राहिली होती. त्याने वही मिटली आणि नम्रपणे नकार दिला.

परतताना मेस्त्री म्हणाले, "जे सर्वांत आधी पाहायचे, ते आज आपण सर्वांत शेवटी पाहिले. आधी चासी, मग कागद, मग इंजिन आणि शेवटी हिशेब, हा क्रम ध्यानात ठेव."

दुरुस्ती करण्यास जसे कौशल्य लागते, तसेच कोणती वस्तू दुरुस्त करू नये, हे ओळखण्यासही लागते. झिजलेला भाग बदलता येतो. पण ज्या आधारावर सारा भार पेलला जातो, तोच दुभंगला असेल, तर वरच्या झळाळीला भुलू नये. त्या तरुणाची गाडी त्या दिवशी झाली नाही. त्याची शिल्लक मात्र शाबूत राहिली, आणि एक परीक्षा त्याला कायमची अवगत झाली.

अभ्यास

१. मेस्त्रींनी चासीवरील क्रमांक नोंदपुस्तकाशी का पडताळून पाहिला?
२. तरुणाच्या हिशेबात कोणती उणीव होती?
३. 'किंमत कमी झाली होती. परंतु चासीची चीर तेवढीच राहिली होती.' या वाक्याचे मर्म सांगा.
४. तुमच्या घरातील एखादी वस्तू दुरुस्त करावी की नाही, याचा निर्णय कसा घेतला गेला, ते दहा ओळींत लिहा.